साहेबाची पायरी

दाजी : तू आमाला फसवलंस. तुज्या एका शब्दावर आमच्या घराच्या चार पिढ्या मान खाली घालून जगल्या, नि तो शब्दच खोटा निघाला. तू खोटारडा, तुजी कचेरी खोटारडी, तुजी दवंडी खोटारडी. मेलास म्हणून जाब सुटत नाय. ऐकतोस ना?

साहेब : ऐकतो आहे, तांडेल. सावकाश बोल. तुझा स्वर चढला म्हणजे पाणी हलते आणि मला माझा चेहरा दिसेनासा होतो.

(रत्नागिरीजवळच्या भाट्याचं सुरूबन. नारळी पुनवेची दुपार. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत दाजी तांडेल आडवा, डोळे मिटलेले. साहेब त्याच्या झोपेत, पायरीवर बसलेला.)

दाजी : पाणी कसलं? ही पायरी हाय. जांभ्याची. वर्साला शेंदूर लावतो आमी हिला.

साहेब : माझ्या बंगल्याची पायरी. सर्वांत खालची. पावसाळ्यात घोड्यावरून उतरलो की मी हिच्यावर बूट पुसत असे.

दाजी : ठाऊक हाय. तू चिखल पुसलास त्या दगडाला मी जल्मभर डोकं टेकलं.

साहेब : टेक, असे मी म्हटले नव्हते.

दाजी : नको, असं तरी कुठं म्हटलंस?

साहेब : तोवर मी वारलो होतो. विलायतेत, माझ्या अंथरुणात. खिडकीबाहेर गुलाब होते. फार शांत मरण. डॉक्टर तसे म्हणाले.

दाजी : नि आमचा सदू? त्येच्या खिडकीभायेर काय होतं?

साहेब : सदू... तुमची खाडी किती बदलली, तांडेल. हा पूल तेव्हा नव्हता. पलीकडे जायचे तर...

दाजी : इषय बदलू नको! सदू कुठं हाय ते बोल! बोल म्हणतो ना!

योगिनी : आजोबा! ओ आजोबा! उठा. होडीला लाथा मारताय.

दाजी : आँ? कोण ती?

योगिनी : मी, योगिनी. तुमची नात. डोळे तर उघडा. कोणाशी भांडत होतात एवढं?

दाजी : गेला. तू हाक मारलीस नि गेला बघ. पायरीवर बसलेला, गुडघ्यावर टोपी ठेवून.

योगिनी : साहेब? परत?

दाजी : परत काय, हल्ली डोळा लागला की येतोच. आदी नुस्ता बसायचा. विडी ओढायचा नि समुद्राकडं बघायचा. आज पयल्यांदा बोलला. मराठी येते गो त्येला, पण कशी? तहसीलच्या नोटिशीला तोंड फुटल्यासारखी.

योगिनी : चूक माझीच. सकाळी पेज जेवताना ते सांगायला नको होतं. आजी मघापासून मला फैलावर घेतेय. सणाच्या दिवशीच कशाला उकरलंस म्हणून.

दाजी : तुज्या आजीचं मनावर घेऊ नको. हर्ण्याच्या मासळीच्या लिलावात वाढलेली ती. जो मोठ्यानं ओरडेल त्येचा भाव, एवढंच तिला ठाऊक. बस इथं. पुन्यांदा सांग सगळं. सकाळी अर्धं ऐकलं, अर्ध्याला कानात पाणी शिरल्यासारखं झालं.

योगिनी : कुठून सांगू?

दाजी : त्या म्हातारीपासन.

योगिनी : आमच्या दवाखान्यात आली होती. मी जिथे नर्स आहे तो दवाखाना मोठ्या तळ्याच्या काठी आहे, आफ्रिकेत पार आत, समुद्र लांब राहतो. तिच्या पायाला पट्टी बांधत होते. तिने विचारलं, पोरी, कुठली तू? म्हटलं, भारतातली. म्हणाली, तसं नाही, कुठल्या पाण्याची? म्हटलं, खाऱ्या पाण्याची. रत्नागिरी. तर तिने माझा हात धरला तो सोडेचना. म्हणाली, सादूच्या गावची?

दाजी : सादू.

योगिनी : तिकडे सदूचा सादू झालाय. नदी तळ्याला मिळते तिथे खडकांतून होड्यांची वाट आहे, फार वाईट वाट. तिथून जाताना प्रत्येक नावाडी हात पाण्यात बुडवतो आणि नाव घेतो. सादू. नाव घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मी स्वतः गेलेय त्या होडीतून. नावाड्याने नाव घेतलं ते मी या कानांनी ऐकलं.

दाजी : जसं आमी होड्या सोडताना सायबाला विडी लावतो.

योगिनी : तसंच. त्यांनी आपला माणूस राखणदार केला आणि आपण त्यांचा राज्यपाल.

दाजी : गप बस वाईच.

योगिनी : बसले.

दाजी : गप बसलीस तर मला कळणार कसं? बोल.

योगिनी : काय करू मी तुमचं! बरं. हा साहेब इथे लहानसा अधिकारी होता. आधी दापोलीला, मग रत्नागिरीला. इथून तिकडे गेला आणि चढत चढत राज्यपाल झाला. पर्यटनवाल्यांनी पायरीशेजारी फलक ठोकलाय, त्यावर आहे ना? ‘पुढे आफ्रिकेत राज्यपालपद भूषवले.’ भूषवले म्हणे!

दाजी : शेजारच्या गौरवन वाचून दाखवलेलं. सोनेरी अक्षरं हायत. मला अभिमान वाटला होता गो. म्हटलं, आपला सायब.

योगिनी : आपला साहेब जाताना सदूला घेऊन गेला. होडीवर तांडेल म्हणून, सुकाणू धरायला.

दाजी : ते तू मला सांगतेस? सदू माज्या आज्याचा बाप. तिकडं त्येन सरकारी होडी पळवली, तिकडचीच बायको केली नि बसला. असं आमाला सांगितलं. कचेरीन इथं दवंडी पिटली, वाडीच्या सगळ्या होड्या जप्त केल्या. पोरं उपाशी. मग सायबान तिकडून माफी धाडली, होड्या सुटल्या. त्येचे उपकार म्हणून, बंगला पडला तवा वाडीन ही पायरी उचलून आणली नि राखणदार म्हणून बसवली. नि आमच्या घरावर पाळी लावली. दर नारळी पुनवेला, दर्याला नारळ द्यायच्या आदी, आमच्या घरच्या कर्त्यान गाऱ्हाण्यात म्हणायचं, आमच्या सदून चोरी केली, सायबा महाराजा, माफ कर. वाडीन म्हणायचं, होय महाराजा. मगच होड्या सुटणार. आज्यान म्हटलं, बापान म्हटलं, मी म्हणत आलो. बाप म्हणायचा तवा त्येची मान बघितलीस तर... जाऊ दे.

योगिनी : आणि सदूने चोरी केलीच नव्हती.

दाजी : ते सांग. तेच सांग.

योगिनी : पलीकडच्या काठावरच्या गावाने कर भरला नाही, म्हणून साहेबाला ते गाव जाळायचं होतं. रात्री होडीत शिपाई भरले. साहेब स्वतः बसला. काळोखात त्या खडकांतून होडी नेणारा एकच माणूस, सदू. त्याने मध्यावर गेल्यावर सुकाणू उचलून पाण्यात सोडून दिलं. होडी उजाडेपर्यंत गरगरत राहिली. शिपायांचा आरडाओरडा ऐकून गाव उठलं आणि डोंगरात गेलं. ती म्हातारी त्या गावातली. तिची आजी तेव्हा आईच्या पाठीवर होती. सकाळी सदूला गोळी घातली.

दाजी : नि पुरला कुठं?

योगिनी : ते त्यांनाही माहीत नाही. शिपाई उचलून घेऊन गेले. कबर नाही म्हणून तर ते पाण्यात हात घालतात.

दाजी : तुळसा मरेस्तोवर कुंकू लावायची. सदूची बायको. पाण्याला गेली की बायका हसायच्या तिला. कोणासाठी लावतेस गो, तो तिकडं दुसरीला लावतोय. बाप सांगायचा, ती कुंकू आनखी ठसठशीत लावायची.

योगिनी : मग संध्याकाळी म्हणू नका ते. माफीचं. सरळ सोडून द्या.

दाजी : सोडून द्या! तुजं काय जातं? सुई टोचलीस, विमानात बसलीस. संध्याकाळच्या भरतीला निहार जातोय. पयल्यांदा तांडेल म्हणून. नवीकोरी होडी, लाकडाचा वाससुदीक गेला नाय. राखणदाराला दुखवून नातवाला दर्यात सोडू?

योगिनी : तो माझा भाऊ आहे, आजोबा. मला काळजी नाही?

दाजी : एका वर्सी बाप तापानं फणफणला नि माफी राहिली. वाडीतल्या चिमाच्या घोवाची होडी गेली ती आलीच नाय. वाडी तेवढंच धरून बसलीय. आज मी तोंड मिटलं नि पोरांना काय झालं, तर वाडीचा मोठा, दादू म्हातारा, मला वाळीत टाकेल. टाकू दे. पण मीच मला काय सांगू?

योगिनी : चिमाआजीच्या नवऱ्याची होडी वादळात गेली. त्या वर्षी हर्ण्याच्याही गेल्या. त्यांनी कुठल्या साहेबाची माफी चुकवली होती?

दाजी : ते डोक्याला कळतं. डोकं होडीत बसत नाय, माणूस बसतो. जा तू. आजीला नारळाला दोरा गुंडाळायला मदत कर. मी वाईच पडतो.

योगिनी : परत झोपताय?

दाजी : त्येलाच इचारतो. दुसऱ्या कोणाला इचारू?

साहेब : ये, तांडेल. ओहोटी लागली आहे. चालत जाता येईल.

दाजी : कुठं?

साहेब : माझ्या कारकिर्दीत.

दाजी : पायाखाली रेती हाय का पाणी?

साहेब : खाली पाहू नकोस, म्हणजे बुडणार नाहीस. हे दापोली. काजूखाली घोडा धरून उभा आहे तो मुलगा पाहा. तो मी.

दाजी : एवढा कोवळा? मिसरूडसुदीक नाय.

साहेब : मला घरची फार आठवण येई. रडायला मी त्या काजूमागे जात असे. पुढे रत्नागिरीस आलो, तिथे रडायला खाडीवर जाऊ लागलो. सदूने एकदा पाहिले. सुका बांगडा भाजत होता, त्यातला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरीकडे पाहत बसला. मी खाल्ला. जीभ भाजली.

दाजी : मग तू चांगला होतास की रे.

साहेब : होतो. येथे मला हुकूम सोडणारे बरेच साहेब वर होते. खाली राहून चांगले असणे सोपे जाते.

दाजी : पुढं?

साहेब : पुढे त्याने मला पाणी वाचायला शिकवले. कोठे खडक, कोठे गाळ, कोठे पाणी नुसते खोल असल्याचे सोंग करते. बदलीचा हुकूम आला तेव्हा मी त्याला म्हणालो, चल. तो म्हणाला, तुळसाला विचारतो. तिने काय सांगितले मला ठाऊक नाही. आला खरा. चाल, खाडी संपली. हा तिकडचा किनारा.

दाजी : एवढ्यात? थांब, पाणी तोंडात गेलं माज्या. अरे! सायबा, हे गोड हाय! एवढा दर्या नि मीठ नाय!

साहेब : तळे आहे. सदू अगदी असाच ओरडला होता. ओंजळ भरभरून प्यायला, डोक्यावर ओतून घेतले आणि हसत सुटला. म्हणाला, हे तुळसाला सांगायला पायजे.

दाजी : मग सोडायचास त्येला. सांगून आला असता.

साहेब : काम फार होते. पाहा, माझी टोपी बदलली. आता मी एका मुलखाचा आयुक्त. आता दोन मुलखांचा. आता राज्यपाल. तोफा ऐकतोस? माझ्यासाठी वाजत आहेत. टोपीवरचा तुरा पाहा.

दाजी : हलतोय.

साहेब : वारा आहे.

दाजी : वारा नाय. बगळा हाय तो. उडाला बघ.

साहेब : असू दे. खाली धक्का पाहा. आगगाडी पाहा. मी बांधली.

दाजी : तू? हात तर लोण्यासारखे दिसतायत.

साहेब : मजुरांकडून बांधण्यात आली. मजूर यायला राजी नव्हते, म्हणून प्रत्येक झोपडीवर कर बसवण्यात आला.

दाजी : झोपडीत काय सोनं होतं?

साहेब : काहीच नव्हते. म्हणून तर. कर भरायला नाणे लागते आणि नाणे माझ्याकडे मजुरी केल्याशिवाय मिळत नाही.

दाजी : म्हणजे आपल्याच घरात झोपायचा दंड.

साहेब : विलायतेत या योजनेचे फार कौतुक झाले.

दाजी : नि ज्येनी दंड भरला नाय?

साहेब : ती गावे हलवण्यात आली.

दाजी : गावांना काय वल्ही लावलीवती, हलवायला? धूर येतोय सायबा.

साहेब : धुके आहे. तळ्यावर सकाळी असते.

दाजी : जल्म धुरात गेला माजा. सुकटाचा धूर, होळीचा धूर, सरणाचा धूर, सगळे वळखतो. हा छपराचा हाय. पेंढ्याच्या.

साहेब : जाळली.

दाजी : मोठ्यान.

साहेब : जाळली, तांडेल. एकामागून एक. धान्यासकट. त्याबद्दल मला ही पदके मिळाली, आणि नावाआधी लावायला ‘सर’ ही पदवी.

दाजी : कुठं पदकं? छातीवर खवलं हायत तुज्या. गळतायत. सांभाळ, पाय घसरेल.

साहेब : तू फार जवळ येऊन पाहतोस.

दाजी : सदू कुठं हाय ह्यात?

साहेब : सुकाणूवर.

दाजी : त्या रात्री. ते ठाऊक हाय.

साहेब : प्रत्येक रात्री. तोच असे, दुसरे कोण? पहिल्या गावाला जाताना त्याला ठाऊक नव्हते आपण कशासाठी जातो ते. दुसऱ्या गावाला जाताना ठाऊक होते.

दाजी : नि नेलीन होडी?

साहेब : नेली. माझ्याशी बोलायचा थांबला. पण नेली.

दाजी : हे नको सांगू.

साहेब : तू विचारलेस. मला वाटले, खरे हवे आहे.

दाजी : ...सांग. मग त्या रात्री काय झालं? त्याच रात्री का?

साहेब : तो वळला आणि मराठीत बोलला. होडीत मराठी समजणारा मी एकटा. म्हणाला, सायब, पल्याड चुली पेटल्यात. कोणतरी मासळी तळतंय, वास येतोय. आज नको. मी म्हणालो, सुकाणू धर. त्याने दोन्ही हातांनी ते खुंट्यांवरून उचलले आणि पाण्यात सोडले. टाकले नाही. सोडले. आपण उष्टे पाणी झाडाला सोडतो तसे. होडी फिरू लागली. मी रात्रभर पाण्याकडे पाहत राहिलो. त्याच्याकडे पाहिले असते तर कदाचित...

दाजी : कदाचित काय?

साहेब : सकाळी हुकूम देण्यात आला.

दाजी : कोणी दिला?

साहेब : रीतसर.

दाजी : कोणी, सायबा? तिथं तुज्यावर कोणी नव्हता.

साहेब : मी.

दाजी : नि चोर का म्हणालास? मारलास ते मारलास. चोर का म्हणालास?

साहेब : त्याने हुकूम मोडला, असे कळवले असते तर सर्वांना कळले असते की हुकूम मोडता येतो. होडी चोरली, असे म्हणणे सोयीचे होते. चोराची कोणी गोष्ट सांगत नाही.

दाजी : मग आमच्या होड्या का सोडल्यास?

साहेब : मला झोप लागत नसे. माफ केल्यावर लागू लागली.

दाजी : तुजी झोप! तुजी झोप आमी माफी मागून राखली? आता एकच सांग. त्येला नेऊन कुठं ठेवलास?

साहेब : भरती लागली, तांडेल. पाणी गुडघ्याला आले. परत जायला हवे.

दाजी : कुठं ठेवलास!

साहेब : बोलता येत नाही, तोंडात पाणी...

योगिनी : आजोबा, पाणी होडीला लागलंय. भिजलात सगळे! उठा, उठा, हात द्या.

दाजी : खारट हाय.

योगिनी : समुद्राचं पाणी खारट नाही तर काय गोड असणार? चला, कोरडं धोतर नेसा. सगळी वाडी पायरीपाशी जमलीय. निहारने होडीला झेंडूच्या माळा घातल्यात, आणि स्वतःच्या गळ्यातही एक. आजी म्हणते, तांडेल आहेस का नवरदेव.

दाजी : योगिनी, तुज्या म्हातारीन हे सांगितलेलं का? सदू आदीच्या गावांनाही होडी घेऊन गेलेला?

योगिनी : नाही. कोण म्हणालं?

दाजी : तो.

योगिनी : आजोबा, स्वप्नात तुमचंच मन बोलतं.

दाजी : मग सायब चोर का म्हणाला ते माजं मन कसं सांगतं? चोराची गोष्ट कोणी सांगत नाय म्हणून, असं म्हणाला. हे मला कुठनं ठाऊक?

योगिनी : तुम्हालाच ठाऊक असणार. जन्मभर साहेबांपुढे उभे राहिलायत. बंदरावरचा, डिझेलचा, नुकसानभरपाईचा, हा पायरीवरचा. साहेब कसं बोलतो ते तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?

दाजी : सदू धुतला तांदूळ नव्हता गो.

योगिनी : नसेल. मग? म्हणणार आहात माफीचं?

दाजी : धर माजा हात. वाटेचे धोंडे शेवाळलेत.

दादू : ये, दाजी, ये. अंधार पडायच्या आत उरक. मी वाडीतला वडीलधारा म्हणून सांगतो, पोरं खोळंबलीत. विडी, पाव, अंडी, सगळं मांडलंय. कर सुरवात.

दाजी : ऐक, सायबा महाराजा! खालच्या वाडीतला लहानथोर माणूस तुज्या पायरीपुढं उभा हाय!

सगळे : होय महाराजा!

दाजी : वर्साचा दिवस हाय, दर्या शांत हाय. रीतीनं जे तुला देतो ते पुढ्यात हाय!

सगळे : होय महाराजा!

दाजी : नव्या होडीवर माजा नातू निहार उभा हाय. त्येच्यासंगती वाडीचे पोरगे हायत. त्येंच्या बायका, आया, हितं हायत!

सगळे : होय महाराजा!

दादू : ...दाजी. थांबलास का? पुढचं म्हण. सदूचं.

दाजी : तेच म्हणतो, दादू. महाराजा, आमच्या घरात सदू नावाचा तांडेल होता. त्येन चोरी केली नाय.

दादू : दाजी! पोरं दर्यात जायचीत. काय बोलतोस कळतंय का तुला?

दाजी : पुढं उभा हाय तो माजाच नातू, दादू. खोटं बोलून त्येला पाण्यावर सोडू? वर्सानुवर्सं सोडलं तसं? महाराजा, सदून तुजी होडी हाकली. तू गावं जाळलीस, त्यात आमच्या माणसाचा हात सुकाणूवर होता. ते पाप त्येचं, नि आमी त्येची माणसं, आमी वाहू. पण एका रात्री त्येन चुली पेटलेल्या बघितल्या नि सुकाणू सोडलं. तू त्येला गोळी घातलीस, चोर म्हणालास, आमची मुलं उपाशी ठेवलीस नि मग माफ केलंस. आमाला. तू. आजपासन ह्या घरातला कोणी तुजी माफी मागणार नाय.

योगिनी : होय महाराजा!

दादू : बाईमाणसान म्हणायचं नसतं गो ते.

योगिनी : मग तुम्ही म्हणा, दादूआजोबा. वडीलधारे आहात.

दादू : खरं हाय का हे, दाजी? गोळी घातलीन?

दाजी : तिकडं अजून त्येचं नाव घेतात, दादू. पाण्यात हात घालून. हितं आपण काय घेतलं त्येचं?

दादू : ...होय महाराजा.

सगळे : होय महाराजा!

दाजी : तुला फोडणार नाय, महाराजा, दर्यात टाकणार नाय. फोडलास तर इचारू कोणाला? विडीही पेटवून ठेवलीय. ओढ. पण आज विडी रीतीची नाय. आज तू उभा राहून बोलायचं हाय. तुळसा कुंकू लावून मेली, तिला नवऱ्यासाठी रडायलासुदीक दिलं नायस. माज्या आज्यान बापाचा पिंड ठेवला नाय, चोराचा कोण ठेवतो? मला ठेवायचा हाय. तिकडच्या माणसांना तू सांगितलं नायस, आमाला सांगितलं नायस, झोपेत इचारलं तर तोंडात पाणी आलं म्हणालास. आता मी जागा हाय. वाडी जागी हाय. नारळ माज्या हातात हाय, भरती चढतेय, नि आमी सगळे थांबलोय. सांग, महाराजा. आमचा माणूस कुठं ठेवलास?